घोडे भिंतीपाशी

कचकिनबायने बॅग भरली की गावात कोणीतरी मरतं, असं आमच्या सारी-सायमध्ये म्हणतात. चेष्टेने म्हणतात, पण खोटं म्हणत नाहीत. थोरल्या नातीचे पाय सोडवायचे होते तेव्हा त्याने बॅग भरली आणि गिरणीवाला म्हातारा गेला. मधलीच्या वेळी भरली, तर शाळेतल्या बाई गेल्या. आता धाकट्या नातवाची पाळी आली, तर आमचा सेयितकाझी डोळे मिटून मोकळा झाला. वर बसलेला त्या बॅगेच्या चेनला कान लावूनच बसलाय जणू!

पाय सोडवणं म्हणजे काय मोठं? मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, पोरांनी लांबून धावत यायचं आणि जो पहिला पोचेल त्याने सुरीने दोरा कापायचा. मग मूल सुटतं आणि दुडूदुडू चालू लागतं. आजोबा नाही आला म्हणून दोरा कापायचा राहत नाही. पण शहरात दिलेल्या, आई नसलेल्या लेकीला ते चालत नाही. आणि का चालावं?

नाव तरी बघा गड्याचं. कचकिनबाय म्हणजे पळून आलेला. वरच्या कुरणात अवेळी बर्फ पडलं, आई जनावरं घेऊन खाली पळत सुटली आणि वाटेतच हा जन्मला, म्हणून हे नाव. तेवढं एकदा पळाला, तो शेवटचा. त्यानंतर साठी उलटली तरी गडी ह्या दरीतून हलला नाही. कारण सारी-सायमध्ये माणूस मेलं की कबर खणायला पहिलं बोलावणं त्याला. आणि कबरीचं बोलावणं आलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत. त्याचे पैसे कोणी देत नाही, कोणी घेतही नाही. ते पुण्याचं काम. पुण्याच्या कामातून राजीनामा कसा देणार, सांगा?

सेयितकाझीच्या दफनाच्या सकाळी लेकीचा फोन आला. अयजारकिन तिचं नाव. आवाज थेट आईचा.

"अताके, निघालात का?" बापाला ती लाडाने अताके म्हणते.

"निघतोच. दुपारची वडापची गाडी आहे. सेयितकाझीला पोचवलं की लगेच."

ती म्हणाली, "तुम्ही नाही खणलं तर सेयितकाझी आजोबा उठून घरी परत जाणार आहेत का?"

"असं बोलू नये, पोरी."

"गावात दुसरे हात नाहीत?"

"हात आहेत. डोकी नाहीत."

"डोकी तुम्ही होऊच दिली नाहीत, अताके. कोणाला कधी खाली उतरू दिलंत? ओरमोन काका गेले तेव्हापासून कबरीच्या आतल्या खोलीत फक्त तुम्ही. मग तुमच्याशिवाय अडणार नाही तर काय?" आणि मग थकल्या आवाजात, "उद्या सकाळी दोरा कापायचाय. आज आला नाहीत तर पुढच्या वेळी बोलावणार नाही मी. रागाने नाही सांगत. थकले."

फोन ठेवून तो चुलीपुढून उठला. बॅग दाराशी होती. ती उचलून त्याने गाडीच्या वाटेवरच्या दुकानात ठेवायला दिली, म्हणजे परत घरी यायला नको. मग पहार खांद्यावर टाकली आणि टेकडीवरच्या कबरस्तानाकडे चालू लागला. मनात गणित एकच: कबर झाली की माती, माती झाली की गाडी. ही गाडी चुकली की लेक गेली.

आमच्याकडची कबर साधी नसते. आधी उभा खड्डा खणायचा, माणूस उभा राहिला तर दिसू नये एवढा. मग तळाशी एका भिंतीला भोक पाडायचं, जेमतेम माणूस सरपटत जाईल एवढं. त्यातून आत शिरायचं आणि पडल्यापडल्या, छोट्या दांड्याच्या कुदळीने आतली खोली कोरायची. मयत त्या खोलीत निजतं. भोक कच्च्या विटांनी बंद होतं आणि माती पडते ती फक्त बाहेरच्या खड्ड्यात. मेलेल्याच्या अंगावर माती पडू नये म्हणून एवढा खटाटोप. जित्याच्या अंगावर पडू नये म्हणून मात्र कोणी खटाटोप करत नव्हतं, कचकिनबायने सुरू करेपर्यंत.

त्याची तयारी म्हणजे गावाचा करमणुकीचा विषय. इतर गावांत चार माणसं जातात, बिस्मिल्ला म्हणतात, खणायला लागतात. हा आधी पहार घेऊन जागाभर टोचत फिरणार. पहार बाहेर काढून तिच्या टोकाची माती बोटांनी चोळणार, हुंगणार. शेजारची जुनी कबर कुठवर आली आहे ते चाचपणार. मग खड्ड्यापासून चांगली लांब एक रेघ ओढणार आणि खणलेली माती तिच्या पलीकडेच टाकायची, अलीकडे ढेकूळ दिसलं तरी शिव्या. भुसभुशीत बाजूला फळ्या आणि आडवे टेकू. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराला वर ठोकलेल्या लोखंडी खुंटीचा वेढा आणि टोक एका माणसाच्या हातात. त्या माणसाने चहासुद्धा प्यायचा नाही.

"आबाके, कबर खणतोयस की नवरीसाठी तंबू उभारतोयस?" हे विचारणारा एलचिबेक. ओरमोनचा मुलगा, म्हणजे कचकिनबायचा पुतण्या. चुलत्याला आमच्यात आबाके म्हणतात. पोरगा कसला, आता तिशी ओलांडलेला बाप्या, ट्रॅक्टर चालवतो, तोंड त्याहून जोरात चालवतो.

"तंबू पडला तर नवरी हसत बाहेर येते," कचकिनबाय म्हणाला. "फळी धर नीट. आणि कडेवर उभा राहू नकोस, कड म्हणजे बाक नव्हे."

"माती जिथे टाकशील तिथून परत येते," एलचिबेकने पुढचं वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं. बाकीचे खो खो हसले.

"हस. दात थंड पडतील."

पण त्याची सगळ्यात कडक अट वेगळीच. घोडे भिंतीपाशी. कबरस्तानाला कमरेएवढी मातीची भिंत आहे. घोडं तिच्या बाहेर बांधायचं, मग तो सरपंच असो की मुल्ला. कारण ओरमोन गेला तो घोड्यांमुळे. धाकटा भाऊ आतल्या खोलीत होता, कचकिनबाय वर दोर धरून उभा होता आणि मयताचे नातलग पलीकडच्या गावाहून रडत, ओरडत, घोडे फेकत थेट कबरीपाशी आले. कड खाली बसली. कचकिनबायने दोर धरला होता. त्याला खालचा आवाज ऐकू येत होता. मग येईनासा झाला.

त्या दिवसापासून तो वर थांबत नाही. आत तोच जाणार, बाकी कोणी नाही. ओरमोनच्या बायकोला त्याने शब्दच दिला होता की तुझ्या पोराला खाली उतरवणार नाही. गावाला वाटतं, केवढी छाती! मी शेजारी राहतो, मी सांगतो, ती छाती नव्हे. त्याला वर उभं राहवत नाही. खाली माती असते आणि आपण असतो. वर नुसते कान असतात. तो बापडा वरच्या त्या जागेला घाबरून खाली पळत होता, आणि आम्ही त्याला शूर म्हणत होतो.

तर त्या सकाळी काम झपाझप चाललं. सेयितकाझीला बापाशेजारी जागा हवी होती, ती घळीच्या बाजूला. तिथली माती पिवळी, वरून कोरडी, खाली ओलसर. कचकिनबायने नाक मुरडलं, जागा थोडी वर सरकवली, घळीकडच्या बाजूला फळ्या लावल्या. टेकडीकडची बाजू घट्ट होती, तिथे फळ्या पुरल्याही नाहीत आणि त्याला गरजही वाटली नाही. घोडे अडवायला भिंतीतल्या आत यायच्या फटीपाशी त्याने आमचा झूमाली उभा केला होता. झूमाली म्हणजे गरीब गाय.

ओरमोनच्या बायकोने बोरसोक, आमचे पिठाचे गोळे, तळून पाठवले होते. कचकिनबायने दोन तोंडात कोंबले, सूर्याकडे पाहिलं, कमरेला दोर बांधला आणि उतरला. आतली खोली अर्धी झाली. वरचं छत त्याने कमानीसारखं कोरलं, हात फिरवून पाहिलं, खूश झाला. नुसती डोक्याकडची बाजू राहिली होती. त्याच्या मनात आलं, वेळेत होतंय. उद्या धाकट्याला उचलून घेईन. एवढं मनात यायला आणि जमीन थरथरायला एकच गाठ पडली.

झालं असं की सेयितकाझीचे दोन पुतणे खिंडीपलीकडून निघाले होते. वरच्या पठारावरून त्यांना कबरस्तानात माणसं दिसली, ताज्या मातीचा ढीग दिसला. त्यांना वाटलं, आपल्याशिवायच माती देतायत. झालं! "अरे माझ्या डोंगरा! अरे माझ्या आधारा!" करत दोघांनी घोडे सोडले ते टेकडीच्या बाजूने, थेट. झूमाली फटीत उभा होता, पण करतो काय? रडत येणाऱ्याचा लगाम धरायचा नाही, ही आमची रीत. त्याला येऊ द्यायचं, घोड्यावरून उतरवून घ्यायचं, गळ्यात पडायचं. दुःखाला अडवणारा माणूस म्हणजे आमच्यात माणूसच नाही. झूमाली बाजूला झाला. घोडे पार कडेपर्यंत आले आणि ती टेकडीकडची घट्ट, बिनफळीची बाजू सगळीच्या सगळी खाली बसली.

कचकिनबायला आवाज असा आला नाही. आधी उजेड गेला, मग पायांवर कोणीतरी बसलं, मग मांड्यांवर, मग कमरेवर. तोंड आणि छाती खोलीत होती, बाकीचा तो बाहेर गाडला गेला होता. भोक बुजलं होतं. त्याने हात वर नेला. छत जागेवर होतं. शाब्बास रे कचकिनबाय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसताना तोंडात माती गेली.

मग हसू गेलं. पाय हलवायला बघितलं, हलेनात. बोटंसुद्धा हलेनात. थंडगार मातीने कंबर अशी आवळली होती की श्वास अर्धाच येत होता. ओरमोनला असंच झालं असेल, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आतून कळलं. आणि आजवर ह्या खोलीत आपण किती निवांत लोळत होतो ह्याचं आश्चर्य वाटलं. हीच ती जागा, पळून यायची. आता इथून कुठे पळणार? लेकीचा आवाज आठवला. थकले, म्हणाली होती ती. पोरी, येत होतो गं, तो अंधारात म्हणाला. खरंच येत होतो. बॅग दुकानात आहे, विचार हवं तर.

तेवढ्यात कमरेचा दोर ताणला. वरचे ओढत होते. दोर बरगड्यांखाली रुतला आणि त्याच्या तोंडून किंकाळी निघाली. हेच, हेच नको होतं! गाडलेल्या माणसाला ओढलं तर माती सोडत नाही, माणूस तुटतो. वीस वर्षं घसा फोडून सांगितलं होतं. कोणी ऐकलं असेल का? त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण अर्ध्या श्वासाचा आवाज तो केवढा.

आणि मातीतून, लांबून, फाटक्या आवाजात आलं, "सोडा तो दोर! मुळा उपटताय का, गाढवांनो? दोर बोलायला असतो, ओढायला नसतो!"

दोर सैल झाला. ते शब्द त्याचेच होते, मुळा आणि गाढवासकट. आवाज एलचिबेकचा होता.

"मागे व्हा! सगळे रेघेच्या मागे! कड म्हणजे बाक नव्हे! फळ्या आणा, त्या बाजूच्या नको, त्यांना हात लावाल तर हात तोडीन, माझ्या ट्रॉलीतल्या आणा! माती लांब टाका, जिथे टाकाल तिथून परत येते!"

मग दोराला हलकाच एक हिसका आला. एक हिसका म्हणजे, आहेस का? कचकिनबायने दोन्ही हातांनी दोर शोधला आणि एक हिसका परत दिला. आहे. वर कोणीतरी मोठ्याने रडलं. कोण ते त्याला कळलं नाही.

ते खणत होते ते हातांनी, फावड्याने नव्हे. त्याला ते कळत होतं, कारण धप्प आवाज नव्हता, नुसती खसखस. बरोबर, तो मनात म्हणायचा. आता टेकू. टेकू लावलास का, मूर्खा? आणि ठक्क आवाज यायचा, टेकूचा. तो सांगत नव्हता, तरी होत होतं. ह्याचं बरं वाटावं की वाईट, हेही त्याला समजेना. इतकी वर्षं आपण नसलो तर माणूस मरेल म्हणून अडकून बसलो, आणि हा गाढव सगळं तोंडपाठ करून बसलाय. नकला करता करता पाठ केलंय.

आणि तेव्हाच गालाखालची जमीन पुन्हा बोलू लागली. आधी बारीक, मग जवळ. टापा. दोन-चार नव्हेत, खूप. खिंडीपलीकडचं अख्खं गाव येत होतं, मागून. सेयितकाझीचा धाकटा भाऊ मुकाम्बेत आणि त्याची माणसं. छताची माती त्याच्या पापण्यांवर भुरभुरली. संपलं, तो म्हणाला. झूमाली बाजूला होणार. कोणीही बाजूला होणार. मुकाम्बेत सख्खा भाऊ, पांढऱ्या दाढीचा, रडत येणारा. त्याला कोण अडवणार? कलमा म्हणायला त्याने सुरुवात केली, पण मध्येच ओरमोनचं नाव यायला लागलं.

टापा वाढल्या, वाढल्या आणि थांबल्या.

वर काय झालं ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एलचिबेक खड्ड्यातून उडी मारून वर आला, हातापायाला माती, भिंतीच्या फटीत जाऊन हात पसरून उभा राहिला. मुकाम्बेतचा करडा घोडा त्याच्या अंगावर आला तरी हलला नाही. त्याने लगाम धरला. धरला आणि खाली ओढला. घोडा गुडघ्यावर आला, म्हातारा मानेवर आपटला, त्याची टोपी पडली. भर दुःखात सख्ख्या भावाचा लगाम धरला! ह्यावरून आमच्यात सोयरिकी तुटल्या आहेत.

"हात काढ, कुत्र्या!" मुकाम्बेतने चाबूक उगारला. "माझा भाऊ आहे तो!"

"तुमचा भाऊ घरी आहे, आजोबा! तो वाट बघेल!" एलचिबेक ओरडला. रडतच ओरडला. "इथे खाली माझा बाप आहे!"

चाबूक बसला तो बसलाच, गालावर वळ उठला. पण मग म्हाताऱ्याने खड्ड्याकडे बघितलं, आत जाणारा ताठ दोर बघितला आणि घोड्यावरून उतरला. मागे वळून स्वतःच्या माणसांवर असा गरजला की आम्ही दचकलो, "उतरा! घोडे भिंतीपाशी!"

कचकिनबायला बाहेर काढलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. एक पाय लटका पडत होता, कंबर काळीनिळी, पण हाड शाबूत. एलचिबेकने त्याला ढिगाला टेकवून बसवलं, चहा पाजला. कचकिनबायने पहिला घोट थुंकला, दुसरा गिळला आणि म्हणाला, "टेकू उलटा लावलायस. जाड बाजू भिंतीकडे."

"लावतो, आबाके."

"डोक्याकडची बाजू राहिली आहे. दे कुदळ."

कोणी कुदळ दिली नाही. काम तर पुरं करायलाच हवं होतं. पहिली कुदळ पडलेली कबर टाकून दुसरी खणायची नसते. अर्धवट खड्डा आणखी कोणालातरी मागतो, असं आमचे म्हातारे सांगतात. घरी नमाजासाठी माणसं खोळंबली होती. मुल्लाचा दोनदा निरोप आला, किती वेळ? मुकाम्बेतनेच परस्पर उत्तर धाडलं, "दादाने जन्मात कोणाची घाई केली नाही. थांबेल." एलचिबेकने टेकू सरळ केले, टेकडीकडच्या बाजूलाही फळ्या लावल्या, कड उतरती केली. मग दोर उचलला आणि स्वतःच्या कमरेला बांधू लागला.

"नाही," कचकिनबाय म्हणाला.

"तुझा पाय लटकतोय."

"नाही म्हटलं ना! तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"आईने सकाळी काय सांगितलं, ऐकायचंय?" एलचिबेक गाठ ओढत म्हणाला. "म्हणाली, त्या म्हाताऱ्याला आज गाडीत बसवल्याशिवाय घरी येऊ नकोस. आयुष्यभर आपल्या दारात राखण करत बसलाय, त्याचीही पोरगी आहे म्हणाली."

एलचिबेकने दोराचं टोक त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. कबरीपाशी वस्तू हातातून हातात देत नाहीत. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची असेल तर उचलायची. बळजबरी नाही.

ते टोक तिथे पडून राहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, आणि खरं सांगतो, मातीत गाडला होता तेव्हा नसेल असा त्याचा चेहरा झाला होता. मग त्याने ते उचललं.

एलचिबेक खाली गेला. आधी डोकं दिसेनासं झालं, मग भोकात शिरताना पायांचे तळवे. मग कुदळीची खरखर. कचकिनबाय खुंटीपाशी बसला होता, मान खाली, कान खड्ड्याकडे. खरखर थांबली की त्याचा श्वास थांबायचा. घमेलं वर आलं की सुटायचा. एकदा आतून ढेकूळ पडल्याचा आवाज आला आणि तो असा ताडकन उठायला गेला की आम्ही दोघांनी धरलं. "ओरमोन!" म्हणाला तो. एलचिबेक नव्हे, ओरमोन. दोराला आतून एक हिसका आला. आहे. त्याने परत हिसका दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला, शेवटी आतून पोरगा ओरडला, "आबाके, मला काम करू दे ना!"

हसलो आम्ही. पण त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता, कारण हात मोकळे नव्हते.

खोली झाली. एलचिबेक आत उताणा निजून मापाला बघून आला आणि वर आला, केसांत माती, दात काढत. सेयितकाझीला आणलं, निजवलं, विटा लागल्या. प्रत्येकाने फावडं उचललं, माती लोटली, फावडं खाली ठेवलं. मुकाम्बेत पोटभर रडला, त्याला कोणी अडवलं नाही. प्रार्थना झाली, माणसं उतरू लागली. खालच्या रस्त्यावर धूळ दिसली. वडापची गाडी दुकानापाशी येत होती.

"आबाके, चल. दोर सोड आता."

"सोडतोय."

पण सुटेना. तेव्हा आमचं लक्ष गेलं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, खुंटीलाच वेढा हवा, हा त्याचाच नियम, त्यासाठी किती जणांना त्याने झापलं होतं. आणि स्वतः मात्र भीतीच्या भरात त्याने खुंटीवरचा वेढा काढून मनगटाला तिढ्यावर तिढा घातला होता. हात सुजला होता, निळा पडला होता. गाठ मांसात गेली होती. बोटं उघडत नव्हती.

एलचिबेक त्याच्यासमोर उकिडवा बसला. जरा वेळ गाठीकडे बघितलं. मग कमरेची सुरी काढली.

"नको, चांगला दोर आहे," म्हातारा पुटपुटला.

"शर्यतीत मी पहिला आलो, मीच कापणार," एलचिबेक म्हणाला, आणि दोराखाली पातं सरकवलं. "मुलाला काय म्हणतात रे कापताना?"

मुकाम्बेत मागून म्हणाला, "पडलास तरी ऊठ, म्हणतात. आणि मागे बघू नकोस."

दोर तुटला. कचकिनबायने हात छातीशी घेतला. दोघांनी धरून उभा केला, तर त्याने त्यांना झटकलं आणि लटका पाय ओढत एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मुकाम्बेतने करडा घोडा आणायला माणूस पाठवला होता, रस्त्यापर्यंत सोडायला. भिंतीच्या फटीपर्यंत मात्र तो आपल्या पायांनी गेला, आणि तिथे पोचल्यावर, सांगितलं होतं तरी, मागे वळला.

"एलचिबेक!"

"काय आबाके?"

"पुढच्या वेळी घोडे कुठे बांधशील?"

"भिंतीपाशी."

"आणि रडत आला तर?"

एलचिबेकने गालावरच्या वळावरून हात फिरवला. "तरीही भिंतीपाशी."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि घोड्यावर चढायला पाय वर केला.